सिमेंटचे पत्रे, ॲस्बेस्टॉस आणि सील करणं: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात छपरांची आणि वॉटरप्रूफिंगची कामं करून घेतो, २२ वर्षं झाली. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर इथल्या जुन्या वाड्यांमागच्या पडव्या, मकरपुऱ्याचे शेड, सोसायट्यांचे पार्किंग, सगळीकडे तेच करडे नागमोडी सिमेंटचे पत्रे. लोक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी तीच तीच उत्तरं देतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. काही उत्तरं लांब आहेत कारण तिथे घाई केली की माणसाच्या छातीत कायमचं काहीतरी जाऊन बसतं.

आमचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत हे ओळखायचं कसं?

नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, मलाही नाही. पण अंदाज येतो. आधी चुंबक लावा, चिकटलं तर लोखंडी पत्रा आहे, विषय संपला. नाही चिकटलं आणि पत्रा करडा, जाड साधारण ६ मिलिमीटर, टिचकी मारली तर ठक्क असा भरीव आवाज, तर तो सिमेंटचा. मग खालच्या बाजूला शिक्का शोधा, बऱ्याच पत्र्यांवर कंपनीच्या नावाबरोबर आयएस ४५९ असं छापलेलं असतं, हा नंबर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांच्या मानकाचा आहे, म्हणजे पक्कं झालं. शिक्का पुसला गेला असेल तर तुकडा लॅबमध्ये द्यावा लागतो, तिथे पोलराइज्ड लाइटच्या मायक्रोस्कोपखाली धागे बघतात. एवढं करायचं नसेल तर सरळ ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला, त्यात काही नुकसान नाही.

एक गैरसमज फार आहे, की जुना असेल तरच ॲस्बेस्टॉस. आपल्याकडे हे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात, त्यामुळे मागच्या वर्षी टाकलेला पत्रासुद्धा तोच असू शकतो. बिनॲस्बेस्टॉसचे फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात, दिसायला अगदी तसेच, म्हणून घेताना बिलावर लिहून घ्या.

आणि कृपा करून ओळखण्यासाठी कोपरा मोडून बघू नका.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं विषाखाली झोपतोय का?

नाही हो. पत्रा धड असेल तर नाही. ॲस्बेस्टॉस हा दगडच आहे, खाणीतून निघणारा, पण त्याचे कापसासारखे धागे सुटतात. पत्र्यात तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि बाकी सिमेंट, आणि ते सिमेंट त्या धाग्यांना घट्ट धरून ठेवतं. १९०१ साली ऑस्ट्रियात लुडविग हाचेक नावाच्या माणसाने ही पद्धत पेटंट केली, तेव्हापासून जगभर हेच पत्रे. धागा सिमेंटमध्ये अडकलेला आहे तोवर तो तुमच्या श्वासात येत नाही. पत्रा कापला, घासला, फोडला, ग्राइंडर लावला, किंवा ऊन-पावसाने त्याचं वरचं सिमेंट झिजून गेलं की धागे मोकळे होतात. तेव्हा धोका.

खरा भुसभुशीत माल वेगळा असतो, जुन्या बॉयलरवरचं आणि वाफेच्या पाइपांवरचं लेपन, जुन्या डक्टवरचं गुंडाळलेलं, भट्टीजवळची दोरी, काही जुने सीलिंगचे बोर्ड. तो हाताने दाबला तरी भुगा होतो. बंद पडलेल्या मिलच्या किंवा कारखान्याच्या इमारतीत असं काही दिसलं तर हात न लावता बाहेर या आणि दार बंद करा, ते काम माझ्यासारख्या पत्रेवाल्याचं पण नाही.

हा धागा छातीत जाऊन नक्की करतो काय?

केसापेक्षा कितीतरी पटीने बारीक असतो, डोळ्याला दिसत नाही, वास नाही, खोकला पण लगेच येत नाही. फुफ्फुसात खोल जाऊन बसतो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. पुढे तीन मोठे आजार होतात: ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुफ्फुस कडक होत जाणं आणि धाप लागणं, फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. हे सगळं वीस, तीस, चाळीस वर्षांनी. विडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटीने वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कॅन्सर करणारा मानते, पांढरा असो, तपकिरी असो की निळा.

हे इतकं उशिरा होतं ना, म्हणूनच कुणी गंभीरपणे घेत नाही. मी स्वतः पहिली चार-पाच वर्षं ग्राइंडर लावून पत्रे कापून घेतलेत, मास्क नाही, पाणी नाही, संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. माझ्याबरोबरची तेव्हाची पोरं आज पस्तीस-चाळिशीची आहेत आणि त्यांच्यासाठीच मला हे लिहावंसं वाटतं.

आणि हे फक्त काम करणाऱ्यापुरतं नसतं. कामाचे कपडे घरी नेऊन झटकले, बायकोने धुतले, तर ती धूळ तिच्या श्वासात जाते, जगात अशा कितीतरी बायकांना मेसोथेलिओमा झालेला आहे ज्या आयुष्यात कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या. माझ्या साइटवर आता कपडे तिथेच ओले करून पिशवीत जातात.

मग सरळ काढूनच टाकू ना, सील कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनातून येतो, मला कळतं. घरात मूल झालं की आई-वडिलांना वाटतं उद्याच्या उद्या हे छप्पर जाऊदे. पण विचार करा, काढताना काय होतं. जे-हूक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, गंजलेले, नट फिरत नाहीत, कडिया म्हणजे गवंडी हातोडी घेतो आणि पत्रा खालून ठोकून मोकळा करतो, मग तो खाली टाकतो, फुटतो, फुटलेले तुकडे टोपल्यातून ट्रॅक्टरमध्ये आणि उरलेली धूळ खराट्याने झाडतात. चाळीस वर्षांत त्या छपराने जेवढे धागे सोडले नसतील तेवढे त्या एका दुपारी सुटतात, आणि ते श्वासात घेणारा असतो दाहोदहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा ज्याला कुणी काही सांगितलेलंच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पत्रा धड आहे, घट्ट बसलाय, त्याला रोज धक्का लागत नाही आणि इमारत इतक्यात पाडायची नाहीये, तर जागेवर सील करा, म्हणजे कोट मारून धागे आतच बांधून टाका, लिहून ठेवा आणि लक्ष ठेवा. ब्रिटनमध्ये तर हे पदार्थ बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी सरकारी सल्ला हाच आहे की चांगल्या स्थितीत असेल आणि हलणार नसेल तर तिथेच राहूद्या आणि त्याची व्यवस्था ठेवा.

काढायचा कधी? पत्रा ओलसर आणि मऊ पडलाय, कडेला बोट लावलं तर केसाळ लागतं, पापुद्रे सुटतायत, मोठ्या भेगा गेल्यात, किंवा दोन-तीन वर्षांत वाडा रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे. अशा पत्र्यावर कोट मारणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि पापुद्रे सुटलेल्या मालावर जाड कोट दिला तर त्याच्याच वजनाने वरचा थर निघून येतो, म्हणजे उलटंच काम झालं. तेव्हा नीट माणसाकडून, ओला करून, पूर्ण पत्रा न फोडता खाली उतरवून काढायचा.

सील करणं म्हणजे रंग मारणंच ना?

दिसतं तसंच पण हेतू वेगळा. दोन प्रकारचे कोट असतात. एक वरती जाड रबरासारखी फिल्म करतो, सगळं झाकतो. दुसरा पातळ असतो, आत मुरतो आणि सुटे धागे आतल्या आत बांधतो. झिजलेल्या पत्र्यावर आधी मुरणारा आणि मग वरती फिल्मवाला, हे मला सगळ्यात टिकाऊ वाटलंय. तिसरा रस्ता म्हणजे कोट न मारता पूर्ण बंदिस्त करणं, खालून हवाबंद फॉल्स सीलिंग किंवा पाइपाभोवती पक्की पेटी. पण त्यासाठी पत्र्यालाच स्क्रू मारू नका, फ्रेम भिंतीवरून घ्या. वरून लोखंडी पत्रा चढवायचा विचार असेल तर आधी लाकडाचे वासे किंवा पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे दांडे, ते वजन घेतील का हे इंजिनिअरला दाखवा, जुन्या वाड्यांत वासे आतून वाळवीने पोकळ झालेले असतात, वरून कळत नाही.

कोट मारायच्या आधी धुवावं लागतं, प्रेशर गनने धुतलं तर चालेल का?

नाही. नाही. नाही.

एका सोसायटीत मी उशिरा पोचलो, दुसऱ्या एका कंत्राटदाराचं काम चालू होतं. दोन पोरं कार धुवायची प्रेशर गन घेऊन पत्र्यावरचं शेवाळ उडवत होती आणि पन्हळीतून दुधासारखं करडं पाणी खाली येत होतं, ते ओटल्यावरून वाहत अंगणात गेलं. दुपारी दोन वाजेपर्यंत सगळं वाळलं आणि फरशीवर पिठासारखा पांढुरका थर राहिला. एक आजी पदर खोचून खराट्याने तो झाडायला लागल्या, कारण संध्याकाळी तिथे पोरं खेळतात. मी धावत जाऊन त्यांच्या हातातला खराटा घेतला, त्यांना राग आला, साहजिक आहे. मग आम्ही तो सगळा थर परत पाण्याने भिजवून ओल्या फडक्यांनी पुसून घेतला आणि फडकी पिशवीत बांधली. गनच्या जोराने पत्र्याचं वरचं सिमेंट खरवडलं जातं आणि धागे उघडे पडतात, म्हणजे ज्यासाठी सील करायचं त्याच्या बरोबर उलट.

बरोबर पद्धत हळू आहे. शेवाळ मारायचं लिक्विड बागेच्या हलक्या पंपाने फवारायचं, एक दिवस ठेवायचं, शेवाळ मरून सैल होतं. मग नळीचं हलकं पाणी सोडत, पत्रा सतत ओला ठेवत, मऊ ब्रशने हाताने काढायचं. वायर ब्रश नाही, सँडपेपर नाही. त्याआधी पन्हळीचा पाइप गटारातून सोडवून त्याच्या तोंडाला जाड कापड बांधायचं आणि खाली पिंप ठेवायचं, जो गाळ जमेल तो ओला असतानाच पिशवीत.

कोट कोणता घ्यायचा? ऑइल पेंट उरलाय घरात.

तो राहूदे. सिमेंटचा पत्रा खाराचा असतो, म्हणजे अल्कली, त्यावर ऑइल पेंट साबणासारखा होऊन सुटतो. अल्कली सहन करणारा प्रायमर आणि वरती पाण्यावर चालणारा ॲक्रिलिक, लवचीक आणि वाफ बाहेर सोडणारा. वाफ अडली तर खालून आलेला दमट ओलावा कोटाखाली फुगे करतो, आणि आपल्याकडे विश्वामित्रीच्या काठच्या घरांत पावसाळ्यात दमटपणा किती असतो ते तुम्हाला माहिती आहे.

आधी भेगा. बारीक भेगेवर ॲक्रिलिक लावून त्यात जाळीची पट्टी बसवायची आणि परत वर ॲक्रिलिक. मग बोल्टच्या टोप्या, पत्र्यांचे जोड आणि कापलेल्या कडा, धागे सगळ्यात जास्त कडांमधून सुटतात आणि रोलर तिथेच पोचत नाही, म्हणून कडा ब्रशने. गंजलेला जे-हूक बदलायचा असेल तर ग्राइंडर नाही, बोल्ट कटरने खालून तोडा आणि जागा ओली ठेवा.

आणि दोन कोट दोन वेगळ्या रंगांचे मारा, खालचा पिवळसर, वरचा पांढरा. चार-पाच वर्षांनी जिथे पिवळं दिसायला लागेल तिथे वरचा कोट गेला हे खालूनच कळतं, वर चढायलाच नको. माझ्या सगळ्या कामांत मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

उन्हाळ्यात आम्ही चुना मारतो, तेच सीलिंग झालं ना?

चुन्याने उष्णता कमी होते हे खरं आहे, अहमदाबादने २०१३ साली हीट ॲक्शन प्लॅन केला आणि नंतर गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरं करण्याचं काम त्यात आलं. मे महिन्यात पत्र्याखाली राहणाऱ्याला तो फरक जीवाचा असतो. पण चुना पावसात निघून जातो, धागे धरून ठेवत नाही, आणि दरवर्षी परत मारायच्या आधी लोक जुना चुना खरवडतात, तेवढं मात्र करू नका. पांढरा ॲक्रिलिक कोट दोन्ही कामं करतो, गारवाही आणि सीलही.

आतली बाजू पण करायची का?

हो, आणि सगळे तीच विसरतात. वरून धागा सुटला तर वाऱ्यावर जातो, आतून सुटला तर तुमच्या ताटात आणि गादीवर पडतो. आतलं काम तुलनेने सोपं आहे कारण ऊन-पाऊस नसतो. सामान बाहेर काढा, जे निघत नाही त्यावर जाड प्लास्टिक, पंखे बंद, माणसं बाहेर. जाळी-जळमटं केरसुणीने ओढायची नाहीत, आधी हलकं पाणी फवारून ओल्या फडक्याने टिपायची. मग कमी दाबाच्या स्प्रेने प्रायमर, कारण ब्रशने घासलं जातं.

स्वयंपाकघर असेल तर ते पहिलं करा.

पत्र्यावर चढायचं कसं? आमचा मुलगा दरवर्षी चढतो, काही होत नाही.

ताई, काका, जे कोण वाचत असेल त्यांना हात जोडून सांगतो. सिमेंटचा पत्रा सांगून तुटत नाही. लोखंडी पत्रा वाकतो, हा एकदम फुटतो आणि माणूस सरळ खाली. ऊन खाऊन खाऊन तो ठिसूळ होतो, आणि नवीन कोट मारला की भेगा झाकल्या जातात म्हणजे तो जास्त मजबूत वाटायला लागतो, जो तो अजिबात नसतो. बोल्टच्या रांगेवर पाय ठेवला की सुरक्षित असंही लोक मानतात, त्यावर विसंबू नका. काम करायचंच तर दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा लांब फळ्या, कमरेला पट्टा आणि दोर, खाली जाळी, नाहीतर बाजूने मचाण.

आणि उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं अगाशीवर म्हणजे गच्चीवर असतं, पतंग कापला गेला की पोरं शेजारच्या पत्र्यावर उडी मारतात, नजर वर, पाय कुठे पडतोय याचं भान नाही. पत्रा फुटला की पोरगाही जातो आणि धूळही होते. पत्र्याकडे जाणारा जिना १३ तारखेला संध्याकाळीच कुलूप लावून बंद करा. माकडांना कुलूप लावता येत नाही, ती येणारच, म्हणून ज्या झाडावरून ती पत्र्यावर उडी मारतात ती फांदी कापून घ्या, फळझाड असलं तरी.

मास्क कोणता? करोनातले निळे पडलेत भरपूर.

ते किंवा रुमाल काही उपयोगाचे नाहीत. पी१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क किंवा एफएफपी३. चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही, काम करायचं तर दाढी करावी लागते. पण मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला उपाय पाणी. पत्रा ओला असेल तर धूळच उडत नाही, पाण्यात थोडा भांड्यांचा साबण टाकला की ते नीट मुरतं.

सोलर बसवायचाय, डिश बसवायचीये, एक छोटं भोक पाडलं तर?

शक्य असेल तर टाळा, पाइपाचा वेगळा सांगाडा करून सोलर पत्र्याला न टेकता उभा करता येतो. पाडायचंच तर वीजेचं ड्रिल नाही, हाताचं फिरवायचं. जागेवर शेव्हिंग क्रीमचा जाड गोळा लावा आणि त्यातून भोक पाडा, भुगा फेसात अडकतो, मग ओल्या फडक्याने टिपून फडकं पिशवीत. भोकाच्या आतल्या कडेला लगेच सीलंट. सोलरवाल्यांना हे आधी सांगावं लागतं, ते स्वतःहून विचारत नाहीत.

पुरात पत्रे फुटले, तुकडे चिखलात आहेत, काय करू?

२०१९ च्या ३१ जुलैला पाणी आलं होतं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत, दोन्ही वेळा मला हे फोन आले. ओलं आहे तोवर धूळ उडत नाही, म्हणून चिखल सुकायच्या आत उचला. हातमोजे, मास्क, तुकडे आणखी न फोडता उचलून जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक. मोठा तुकडा बसत नसेल तर तोडू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप लावा. झाडू नाही, घरातला व्हॅक्युम तर मुळीच नाही, तो बारीक धागे मागून परत हवेत सोडतो. आगीत सापडलेल्या पत्र्यांचंही तसंच, हे पत्रे तापले की फटाक्यासारखे फुटून लांबवर उडतात, तेव्हा आजूबाजूचं अंगणही बघा.

मग त्या पिशव्या टाकायच्या कुठे? भंगारवाला नेतो का?

भंगारवाल्याला देऊ नका, तो ते फोडून पुढे कुणाच्या तरी अंगणात भराव म्हणून टाकतो. टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. तो बंदिस्त लँडफिलमध्येच जायला हवा, आपल्या बाजूला नंदेसरीला घातक कचऱ्याची तशी साइट आहे. कारखान्याने सरळ त्या रस्त्याने जावं. घरगुती चार तुकड्यांसाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या ऑफिसला लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत पिशव्या सावलीत, मुलांपासून लांब, वर ठळक लिहून ठेवा. हा भाग घरगुती माणसासाठी अजून फार अवघड आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं, पण म्हणून रात्री नदीकाठी नेऊन टाकायचं नाही.

अलंगहून स्वस्तात जहाजाचे पॅनल आणलेत पार्टिशनसाठी, ते चालतील?

अलंग म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरची जुनी जहाजं तोडायची जागा, आणि जुन्या जहाजांत इन्सुलेशन आणि फायर पॅनल म्हणून ॲस्बेस्टॉस भरपूर असायचा. फ्रान्सचं क्लेमेन्सो नावाचं युद्धजहाज अलंगला तोडायला येत होतं, त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की २००६ च्या फेब्रुवारीत ते परत बोलावलं. पॅनलच्या मधलं भरण काय आहे ते कळल्याशिवाय कापू नका, आणि कळत नसेल तर घेऊच नका. कापून झालं असेल तर कडा सील करा आणि धूळ ओली करून पुसा.

पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी टाकीत जातं, पिण्याचं काय?

पोटात गेलेल्या धाग्याने आजार होतो असा ठाम पुरावा नसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा घातलेली नाही. काळजी श्वासाची. तरी झिजलेल्या पत्र्याचं पाणी मी स्वतः प्यायला घेणार नाही, बागेला वापरा, आणि टाकीचा गाळ काढताना तो सुकू देऊ नका.

भारतात बंदी नाही का यावर?

पत्र्यांवर नाही. कच्चा माल रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून येतो. ब्रिटनने निळा आणि तपकिरी १९८५ ला, पांढरा १९९९ ला बंद केला, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी, युरोपीय संघाने २००५ पर्यंत, आणि अमेरिकेने पांढऱ्यावरच्या बंदीचा नियम २०२४ च्या मार्चमध्ये आणला. आपल्याकडचा मोठा निकाल २७ जानेवारी १९९५ चा, सुप्रीम कोर्टाचा, आणि तो अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने लढवलेल्या केसमधला, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्यात कोर्टाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवा. चाळीस वर्षं का, ते वर लिहिलेल्या आजारांवरून कळेल.

वडिलांनी अशा कारखान्यात काम केलंय, आता काय करावं?

डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, कारण डॉक्टर बहुतेक वेळा विचारत नाहीत. किती वर्षं, कोणत्या खात्यात, धूळ किती, सगळं कागदावर लिहून न्या. छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची फुंकण्याची टेस्ट ते ठरवतील. विडी-सिगारेट असेल तर आज सोडायला लावा, एवढी एक गोष्ट आपल्या हातात आहे. अहमदाबादला मेघाणीनगरमध्ये व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, कामामुळे होणाऱ्या आजारांवरच त्यांचं काम चालतं.

एकदा सील केलं की किती वर्षं बघायला नको?

असं होत नाही. सील केलेला पत्रा म्हणजे सांभाळायला घेतलेला पत्रा. अमेरिकेत शाळांसाठी १९८६ चा कायदा आहे, त्यात दर सहा महिन्यांनी नजर टाकायची आणि दर तीन वर्षांनी नीट तपासणी करायची. मी तेच इथे लावलंय: एकदा पावसाळ्याआधी मे महिन्यात, एकदा उत्तरायण झाल्यावर. खालून मोबाइलने प्रत्येक वेळी त्याच जागेवरून फोटो काढायचे, म्हणजे मागच्याशी जुळवता येतात.

आणि जो कुणी नंतर कामाला येईल त्याला कळलं पाहिजे, प्लंबर, वायरमन, केबलवाला. जिन्याच्या दारावर पाटी लावा, गुजराती, मराठी, हिंदीत, आणि पुष्कळ मजुरांना वाचता येत नाही म्हणून पत्र्याच्या कडेला हाताएवढा लाल पट्टा पण मारा आणि त्याचा अर्थ तोंडाने सांगा.

रजिस्टरमध्ये लिहायचं काय?

साधी वही चालते. पत्र्यांना डावीकडून नंबर द्या आणि जे दिसलं ते लिहा. आमच्या एका वाड्याच्या वहीतलं पान असं आहे:

मागची पडवी, एकूण २६ पत्रे. नं. १ ते १३ धड. नं. १४, पन्हळीजवळ पिवळं दिसतंय, हाताएवढं, जूनच्या आधी ब्रशने कोट द्यायचा. नं. १७, जे-हूक सैल, वाऱ्याने पत्रा हलतो. नं. २२, उत्तरायणात भेग, आरपार नाही, जाळीपट्टी लावली, ओलं करून. नं. २३ ते २६ वर आंब्याची फांदी परत आलीये, शेजारच्या काकांशी बोलायचं.